हात भरले तर भरू देत

[दृश्य: कोल्हापूर, गंगावेशीची कुंभार गल्ली]

गणपती जवळ आले की या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. सोंडेला वळण देणारे हे हात बघा, आणि त्यांच्या मागचा तो शाडूचा ढीग. त्यातलाच दोन किलो शाडू आज पिशवीतून शुक्रवार पेठेतल्या एका घरी निघालाय. घरात अडीच वर्षांची नात आहे. तिच्यासाठी रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचा संच मागवायचं घरात चाललं होतं. आज्जींनी खेळायला शाडू मागवला.

शाडू घरी आला की आधी तो पारखायचा. लिंबाएवढा वाळका खडा पाण्याच्या पेल्यात सोडा. कडा सुटतात, बुडबुडे येतात आणि खडा विरून तळाशी चिखल बसतो. खडा टणकच राहिला तर त्यात प्लास्टर असण्याची शक्यता आहे. असला माल परत द्यायचा.

[दृश्य: घमेलं, पाणी, पूड]

भिजवणं आदल्या रात्री, पोरगी झोपल्यावर. कोरड्या पुडीची धूळ छातीत जाते, म्हणून घमेल्यात पाणी आधी आणि पूड वरून, हळू. किलोला पाव लिटरपासून सुरुवात करायची, मग लागेल तसं वाढवायचं. लगेच ढवळलं की गुठळ्या होतात, आणि त्या सकाळपर्यंत आतून कोरड्याच राहतात. रात्रभर त्याला हात लावू नका. सकाळी फार सैल वाटला तर गोणपाटावर पसरा, जादा पाणी गोणपाट ओढून घेतं.

मग मळणं. तळहाताच्या मुळाने दाबायचं, दुमडायचं, पुन्हा दाबायचं. आत हवा राहिली की वाळताना तडा जातो. झालं की नाही ते असं बघायचं: करंगळीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त. ही वळी बघा, कुठेही चीर नाही.

[दृश्य: सतरंजीवर परात. नात, आज्जी. निवेदन नाही, आज्जींचा आवाज: "दाब की गं जोरात. काय हुतंय?"]

आज्जी काही करून दाखवत नाहीत, हे लक्षात घ्या. इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. मोठ्यांनी सुबक बैल केला की मूल आपला गोळा खाली ठेवतं आणि म्हणतं, "तूच कर." बेंदराच्या सणाचा बैल करायला पुढे पुष्कळ वर्षं आहेत. आत्ता तिला गोळा दाबायचाय, बोट खुपसायचंय, तुकडे तोडायचेत. अवजारं स्वयंपाकघरातली: शेवेचा सोऱ्या, कंगवा, रोवळी, बाटलीचं झाकण. खलबत्ता मात्र नको. कोल्हापुरी घरातला खलबत्ता कितीही धुतला तरी तिखट सोडत नाही, आणि तेच बोट डोळ्यात जातं.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा तिथली साधनं शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशीच होती. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये ज्ञानेंद्रियांना वळण देणारी साधनं वापरली, ती इथे परिसरातच सापडली. बोटांना बळ येतं, पुढे पेन्सिल धरायला सोपं जातं.

[दृश्य: बादली, हात धुणं]

हात बादलीत धुवायचे, मोरीत नाही. शाडू पाइपात बसला की प्लंबर बोलवावा लागतो. बादली तासभर ठेवा, वरचं नितळ पाणी ओता आणि तळचा गाळ कुंडीत घाला. उरलेला गोळा ओल्या सुती कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा. वाळलाच तर फोडून पुन्हा भिजवा, वाया काही जात नाही.

पावसाळ्यात शाडू वाळता वाळत नाही, तेव्हा मैदा काढा. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, साधारण १ वाटी पाणी, चमचाभर तेल. मिठामुळे तो टिकतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत मिठालाच पाणी सुटतं आणि गोळा चिकट होतो. मूठभर मैदा घालून पुन्हा मळा. हाताला खरचटलेलं असेल तर मीठ झोंबतं. अजून सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला बिनमिठाची साधी कणीक द्या आणि संध्याकाळी टाकून द्या, नाहीतर आंबते.

[दृश्य: ताटात रवा, त्यात बोटाने रेघा]

ताटभर बारीक रवा, त्यात एक पळी आणि दोन वाट्या. एवढ्यावर अर्धा तास जातो. रांगोळीची पूड नको, ती दगडाची असते. तीन वर्षांच्या आत हरभरे, राजमा, मणी, ३ सेंटीमीटरपेक्षा लहान काहीच नको. हरभरा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत गोळे तर घरात आणूच नका, गिळले तर आतड्यात फुगतात. पाण्याचा खेळ मांडला तर जागेवरून उठायचं नाही आणि खेळ संपला की टब लगेच रिकामा करायचा.

[दृश्य: डब्या, वास घेणारी नात]

हा शेवटचा खेळ वासाचा. चार डब्यांच्या तोंडाला मलमल रबराने घट्ट बांधलीय. आत वेलदोडा, आलं, गूळ, भाजलेलं खोबरं. मुलं नाक थेट कापडाला लावून जोरात श्वास ओढतात, म्हणून कांदा-लसूण मसाला यात घ्यायचा नाही, घरात कितीही कौतुक असलं तरी. वेलदोडा किंचित चेचून घ्या, आख्ख्याला वास सुटत नाही. आल्याची फोड रोज ताजी कापा.