नानांच्या विहिरीवरच्या तीन खुणा

नमस्कार श्रोतेहो. आज मला विषय जरा जड दिलाय: पर्यावरणाची मोजमापं आणि देशाचं शेतीधोरण. तुमच्यातले काही शेतातल्या आखाड्यावर असतील, काही जेवायला बसले असतील. म्हणून दिल्लीकडं नंतर जाऊ, आधी आमच्या नानांच्या विहिरीकडं.

विहीर पाच परस खोल, पायऱ्यांची. आतल्या दगडांवर नानांनी छिन्नीनं तीन खुणा केल्या होत्या. दसऱ्याला सोनं वाटून झालं की मला खाली उतरवायचे आणि वरून विचारायचे, "कुठंय रे?" पाणी वरच्या खुणेला असलं तर गहू. मधल्या खुणेला असलं तर हरभरा. खालच्या खुणेला गेलं तर सगळ्या रानात ज्वारी, काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारी. वरची गहू, मधली हरभरा, खालची ज्वारी. ध्यानात ठेवा.

एका वर्षी भादव्यात पाऊस असा कोसळला की ओढ्यानं तीन दिवस रस्ता बंद. दसऱ्याला पाणी वरच्या खुणेच्याही हातभर वर! काकांनी गव्हाचं बी उधारीवर आणून ठेवलेलं. नाना म्हणाले, "कोजागरीला पुन्हा बघू." काका भडकले, "पाणी काय पळून चाललंय का?"

कोजागरीला मी पुन्हा उतरलो. मोटर एकदाही चालू केली नव्हती, तरी पाणी वरच्या खुणेच्या दोन हात खाली. नाना म्हणाले, "पाणी आलं, पण मुरलं नाही. ओढ्यानं गेलं." आणि ज्वारी पेरली.

काकांनी मात्र रस्त्याकडच्या वावरात गहू टाकलाच. पुसाच्या महिन्यात मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागली. गहू पोटरीत, आणि विहीर कोरडी. सगळ्या वावरात मिळून दोन पायल्या गहू झाला. होळीला काकूंनी त्याच गव्हाच्या पुरणपोळ्या केल्या. पहिली पोळी काकांच्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "उधारीची आहे, सावकाश खा." नानांना ठसका लागला.

तशी ज्वारी त्या वर्षी चांगली झाली होती. आता शहरातल्या हॉटेलात भाकरी पोळीपेक्षा महाग मिळते, आणि आपल्याकडं लग्नात पाहुण्यांना भाकरी वाढायची लाज वाटते. असो, विषय तो नाही.

विषय असा, की नानांनी नुसतं मोजलं नाही. मोजलं त्यावर पेरा ठरवला. देशाकडं आज नानांपेक्षा कितीतरी जास्त खुणा आहेत. पूर्वी दुष्काळ ठरायचा पैसेवारीवर, म्हणजे गावातल्या पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजावर, तोही पीक हातचं गेल्यावर. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनं पावसातला खंड, जमिनीतली ओल, धरणसाठा, भूजल, पेरणीचं क्षेत्र आणि उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा हे सगळं हिशेबात घेतलं. चांगलंच केलं. पण उपग्रहाला ऊसही हिरवाच दिसतो. तो हिरवेपणा पावसाचा की सातशे फुटांवरून उपसलेल्या पाण्याचा, हे नुसत्या रंगावरून कळत नाही.

आणि या खुणा कामाला येतात त्या मुख्यतः दुष्काळ जाहीर करायला. पीक ठरवताना, भाव ठरवताना किती? हमीभावाच्या हिशेबात पाण्याचा खर्च म्हणजे शेतकऱ्याची वीज, डिझेल आणि पाणीपट्टी. विहीर किती हात खाली गेली, ते त्या खर्चात नाही. वर उसाचा दर कारखान्याला कायद्यानं द्यावाच लागतो. ज्वारी-हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो, पण व्यापाऱ्यानं तोच द्यावा असं बंधन नाही. मग शेतकरी ऊस लावतो, त्याला दोष कसा द्यायचा? लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि ज्या मांजरा नदीवर लातूरची तहान भागते, तिच्याच खोऱ्यात उसाचे कारखाने उभे होते.

म्हणजे मोजमाप आहे, पण पेऱ्याशी त्याची गाठ नाही. पुन्हा सांगतो, मोजमाप आहे, पेऱ्याशी गाठ नाही. भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरींचे आकडे हंगामाआधी भावाच्या टेबलावर ठेवा, जिथं पाणी खालच्या खुणेला तिथं ज्वारी-हरभऱ्याची खरेदी आधी पक्की करा, मग बघा ऊस आपोआप कमी होतो का नाही.

काचेपलीकडून हात करताहेत, वेळ झाली. खरं तर खतांचं आणि मातीतल्या सेंद्रिय कर्बाचं सांगायचं होतं, ते नानांनी खाल्लं. तुमच्या विहिरीवर खूण नसेल तर चुन्याचा एक पट्टा मारा. दसऱ्याला पाणी कुठं होतं आणि कोजागरीला कुठं गेलं, तेवढं एका पोस्टकार्डावर आम्हाला कळवा. नमस्कार.