वाचलेलं आणि सांगितलेलं

पालकांशी आणि मुलांशी बोलणं हे माझं रोजचं काम. त्यात एक प्रश्न हमखास येतो, 'मुलीचे मेसेज वाचू का?' बहुतेकांनी तोवर ते वाचलेले असतात. विचारायला येतात, कारण आत काहीतरी टोचत असतं. त्या टोचणीचा मला आदर वाटतो.

एका वडिलांचा अनुभव सांगते, ओळख पटणार नाही एवढ्या बेताने. मुलगी तेरा वर्षांची. ती अंघोळीला गेलेली, फोन टेबलावर. स्क्रीन उजळली आणि मैत्रिणीचा मेसेज दिसला : 'आज घरी जावंसंच वाटत नाहीये. कुणाला सांगू नकोस.' वडिलांना पासवर्ड ठाऊक होता. त्यांनी मागचं सगळं वाचून काढलं. त्या मैत्रिणीला घरी मारहाण होत होती, एवढं त्यांना कळलं. ते घाबरले आणि अगदी चांगल्या मनाने त्यांनी थेट तिच्या वडिलांना फोन लावला. मारणारे तेच होते.

त्या दिवसानंतर मैत्रिणीचे मेसेज थांबले. आणि या मुलीने घरात बोलणं थांबवलं.

आपण म्हणतो, माझ्या मुलाचा फोन, मी बघणार. पण मेसेज दोघांचा असतो. आपल्या मुलाबरोबर आपण दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचंही वाचत असतो. हा मुद्दा मोठ्या कंपन्यांनाही विचारात घ्यावा लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲपलने जाहीर केलं, की मुलांच्या मेसेजमध्ये नग्न फोटो आला तर तो धूसर दिसेल. मूल १३ वर्षांखालचं असेल आणि तरीही त्याने तो उघडला, तर आईवडिलांना सूचना जाऊ शकेल. त्यावर हरकती आल्या. धोका घरातच असेल तर? डिसेंबरमध्ये ही सोय आली तेव्हा पालकांना आपोआप जाणारी सूचना काढून टाकलेली होती. विश्वासाच्या मोठ्या माणसाला कळवायचा पर्याय मुलाच्याच हातात दिला होता.

चोरून मेसेज दाखवणाऱ्या ॲपबद्दल थोडक्यात सांगते. टीनसेफ नावाचं असं एक ॲप होतं. ते चालवायला मुलाच्या ॲपल खात्याची दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) बंद ठेवावी लागे. २०१८ मध्ये उघडकीस आलं, की त्यांचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा पडला होता आणि त्यात मुलांचे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येत होते. मुलाच्या सुरक्षेसाठी म्हणून घरातलं कुलूप काढून दिल्यासारखं झालं.

आता माझ्या मनातला खरा मुद्दा. स्वीडनमधले संशोधक हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. तोवर समज असा, की पालक जितकी नजर ठेवतात तितकं मूल मार्गावर राहतं. या दोघांनी वेगळंच विचारलं : पालकांना मुलाबद्दल जे माहीत असतं, ते कळतं कुठून? मुख्यतः मुलाने आपणहून सांगितल्यामुळे, असं त्यांना आढळलं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. पण आज तर हे मला जास्तच पटतं. लपून वाचणारा पालक सापडला, की मूल दुसरं ॲप घेतं, मेसेज पुसतं, आणि सांगणं बंद करतं.

मग काहीच बघायचं नाही का? बघायचं. पहिला फोन हातात देतानाच सांगायचं, 'मी अधूनमधून बघेन, तुझ्या शेजारी बसून.' वय वाढेल तसं ते कमी करत न्यायचं. जिवाला धोका वाटला, किंवा कुणी अनोळखी मोठा माणूस फोटो मागतोय, 'हे आपल्या दोघांतच' म्हणतोय असं दिसलं, तर लगेच वाचा. पण वाचलंय हे त्याच दिवशी मुलाला सांगा. ते मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून लागतील. आणि कृपा करून फोन हिसकावून घेऊ नका. संकटात सापडलेली कितीतरी मुलं गप्प बसतात ती 'फोन काढून घेतील' या एकाच भीतीने. त्रास देणाऱ्यालाही ही भीती पक्की ठाऊक असते.

त्या वडिलांना मी म्हटलं, मुलीपुढे सगळं कबूल करा. त्यांनी केलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "बाबा, मला विचारायचंस ना. तिच्या मावशीला सांगायला हवं होतं. ती फक्त मावशीचं ऐकते, आणि तिचे बाबाही मावशीला घाबरतात."

मावशीचा उल्लेख त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हता. नंबर मुलीकडे होता. त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून फोन केला.