आधी फोन

(खुर्च्या सरकवल्याचा आवाज. गोल तयार होतो.)

ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग, दारू सोडू पाहणाऱ्यांची. चेहरे टिपायचे नाहीत, या अटीवरच कॅमेरा आत आला. म्हणून इथे दिसतील ते फक्त हात. कपाभोवती आवळलेले, मांडीवर थरथरणारे. हे एक नख तर पार मुळापर्यंत कुरतडलेलं. नाव सांगायचं, आडनाव नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला तर नाहीच.

(जुनं छायाचित्र : हॉटेल)

मे १९३५. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर, मेफ्लॉवर हॉटेल. न्यू यॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन लॉबीत येरझाऱ्या घालतोय. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. ज्या कामासाठी आला ते फिसकटलंय, आणि बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येताहेत. लॉबीतच टेलिफोन आहे, जवळ चर्चची यादी. बिल फोनकडे वळला. त्याला उपदेश नको होता; बोलायला दुसरा दारुडा हवा होता.

फोनाफोनी करता करता नाव मिळालं डॉ. बॉब स्मिथ यांचं. शल्यविशारद, आणि अट्टल पिणारे. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं ठरवूनच डॉक्टर आले. उठले ते सहा तासांनी. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि हीच तारीख अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापनादिन मानली जाते. गंमत म्हणजे मदतीसाठी फोन फिरवला होता बिलने.

(मोबाइलवर फिरणारा अंगठा)

नव्याने आलेल्याच्या हातात आजही आधी फोन नंबर पडतात. पुढे तो एखाद्या जुन्याजाणत्याला आपला ‘स्पॉन्सर’, म्हणजे पाठराखा, करून घेतो. तलफ आली की ग्लासाआधी फोन. तलफ बहुतेकदा थोड्या वेळाने ओसरते. तेवढा वेळ पलीकडच्याने बोलतं ठेवायचं. त्याला थापा मारून उपयोग नसतो, त्या सगळ्या त्यानेही मारलेल्या असतात.

घरच्यांना का नाही सांगायचं? सांगावं की. पण घरात मायेबरोबर जुने हिशेबही असतात. ‘त्यांना ताप आलाय’ असं ऑफिसात घरच्यांनीच कळवलेलं असतं, उधारीही त्यांनीच फेडलेली असते, आणि पिणं त्यावरच निभावून जातं. बिलची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ मध्ये घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू झालं, ते यासाठीच.

(भिंतीवरचं घड्याळ)

प्यायला बसणारे मित्र सुटले की संध्याकाळ खायला उठते. ही मीटिंग संध्याकाळीच असते.

वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास तपासले. दारू पूर्ण बंद ठेवण्यात या मीटिंगांच्या वाटेवर आणणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांनाच ही वाट मानवते असं नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. ते या खोलीचं काम नाही.