प्लॅस्टिकचा चिरा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘दुधाच्या क्रेटचा कलेत आणि रचनेत पुनर्वापर’. ती वाचून शेजारच्या काकी म्हणाल्या, “गुर्जी, ह्या इषयार तासभर काय बोलतलास?” म्हटलं, काकी, चाळीसच मिनिटं दिलीत. पुढे दशावतार आहे.

आधी गणपतीची गोष्ट. निम्म्यांनी ऐकलीय, त्यांनी चहा घेऊन यावा. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. तोवर आमच्याकडेही थर्माकोलच असायचं. चित्रकलेच्या मास्तराच्या घरी! आता सांगायची लाज वाटते. त्या वर्षी तिठ्यावरच्या दूधवाल्याकडून बावीस रिकामे क्रेट मागून आणले, सगळे निळे. दोन बाजूंना खांब, मध्ये पाटाखाली चार, आत पिवळे बल्ब. वर आपली नेहमीची माटवी: नारळ, कवंडळं, आंब्याचे टाळे. संध्याकाळी दिवे लावले आणि क्रेटच्या जाळीची सावली भिंतीवरून चढत थेट वाशांपर्यंत गेली. पेन्सिल-पट्टी घेऊन बसलो असतो तर आठवडा लागला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खळ्यात टेम्पोचा हॉर्न. “गुर्जी, माजे क्रेट खंय? रिकामे दिल्याबिगर माका भरलेले गावनत नाय.” बरोबरच होतं त्याचं. क्रेट त्याचाही नव्हे, डेअरीचा. पण प्रतिष्ठापना झालेली, विसर्जनाआधी मूर्ती हलवायची कशी? वाटाघाटी झाल्या. पाटाखालचे चार राहिले, अठरा गेले. आरतीला आलेला प्रत्येक जण विचारायचा, मखराचं काम बाकी आहे का? खरं सांगू, त्या चारांवरच गणपती जास्त शोभून दिसला. घरात हे कुणालाच पटलेलं नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

माझं म्हणणं एवढंच, की क्रेट हा प्लॅस्टिकचा चिरा आहे. जांभ्या दगडाच्या चिऱ्याला भोकं असतात, ह्यालाही आहेत. पिशवी फुटली तर दूध खाली निथळतं, क्रेट धुतला की लवकर सुकतो, वजन कमी राहतं. एकाचं बूड दुसऱ्याच्या काठात बसतं. गवंड्यांना मात्र एक फरक लगेच कळेल. चिऱ्याच्या भिंतीत आपण सांधमोड करतो, वरचा चिरा खालच्या दोघांवर बसवतो. क्रेट तसा बसत नाही, तो नेमका एकावर एकच बसतो. त्यामुळे भिंत होत नाही, सुटे खांब होतात. 2021 मध्ये अमेरिकेत क्रेटच्या पायऱ्या रचून त्यावरून चालायची टूम निघाली आणि लोक धडाधड पडले, ते ह्याचमुळे. वरून भार द्या, पेलेल. बाजूनं धक्का दिलात की गेला. म्हणून शेजारचे खांब एकमेकांना काथ्यानं बांधायचे. भोकं आयतीच आहेत, ड्रिल नको. उन्हात मात्र वर्षानुवर्षं ठेवू नका, प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं.

कलेचं आता पळत पळत सांगतो. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारानं 1914 मध्ये बाटल्या निथळत ठेवायचा बाजारातला लोखंडी स्टँड आणला आणि तीच कलाकृती म्हटली. बहिणीनं खोली आवरताना तो भंगारात टाकला; आमच्याकडेही तेच झालं असतं. पुढे 2014 मध्ये सिडनीतल्या एका बागेत 13.7 मीटर उंच निळा क्रेट उभारायचं जाहीर झालं. कल्पना हानी आर्मेनियस या शिल्पकाराची. लोकांनी खर्चावरून टिंगल केली, प्रकल्प बारगळला. मला त्याचं वाईट वाटतं. द्युशाँनं वस्तू होती तशी ठेवली, आर्मेनियसला ती फक्त मोठी करायची होती. झाकायला दोघंही गेले नाहीत. आपण मात्र जांभ्याच्या सुंदर भिंतीला गिलावा करतो आणि वर रंगानं चिऱ्याच्या रेघा मारतो! क्रेटला तर थेट साटीन गुंडाळतो.

दुसरी चिठ्ठी आली. बसतोच. फक्त ही समई आणि सरस्वतीचा फोटो ज्यावर ठेवलाय, त्यावरचं गुलाबी साटीन कुणीतरी बाजूला करा. हं, हे बघा. निळे! आणि कार्यकर्त्यांनो, दशावतार संपल्यावर विसरू नका, टेम्पो पाचला येतो.