चाळिशी लागली, आता व्ह्यूफाइंडरचं काय?

नमस्कार. सुरुवात माझ्या मामांपासून करतो. सातारा जिल्ह्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं लग्नाचे फोटो काढले. रोलचा जमाना, फोकस हातानं करायचा. पन्नाशी ओलांडली आणि त्यांचे फोटो पुसट यायला लागले. त्यातही मंगलाष्टकांच्या वेळचे जास्त, कारण मांडवात उजेड कमी आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं; मग फोकस जरा चुकला तरी फोटो पुसट. दोन-तीन गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं. मामा म्हणाले, "आता हात चालत नाही रे." आणि कॅमेरा विकून टाकला.

हात उत्तम चालत होता. मला स्वतःला चाळिशी लागली तेव्हा कुठे त्यांचं काय झालं होतं ते कळलं. आज मी इथे उभा आहे तो त्याच कारणासाठी: चाळिशीनंतर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून चित्र बघायच्या खिडकीतून, धूसर का दिसतं आणि त्यावर काय करायचं ते सांगायला.

एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधून येणारं चित्र आरशानं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, आपण ज्या काचेवर चित्र बघतो ती डोळ्यापासून काही इंचांवर असते. इतक्या जवळचं कुणालाच नीट दिसत नाही, म्हणून मध्ये भिंग असतं. त्या भिंगामुळे ती काच साधारण एक मीटरवर ठेवल्यासारखी दिसते. चष्म्याच्या भाषेत म्हणायचं तर बहुतेक व्ह्यूफाइंडर मुळातच वजा एक नंबरवर बसवलेले असतात. पंचविशीतल्या डोळ्याला एक मीटर म्हणजे काहीच नाही. पण वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होतं, जवळच्यासाठी फुगेनासं होतं.

मामांना लांबचा नंबर नव्हता, फक्त वाचायचा होता, अधिक दोन. आता हिशेब बघा. चष्मा काढला तर लांबचं स्पष्ट, पण एक मीटरवरच्या काचेसाठी डोळ्याला जोर लावावा लागायचा, आणि दिवसभराच्या लग्नात तो जोर टिकायचा नाही. चष्मा घातला तर अर्ध्या मीटरवरचं स्पष्ट, म्हणजे एक मीटरवरची काच पुन्हा धूसर. घातला तरी नाही, काढला तरी नाही! काचेच्या मध्ये फोकस तपासायची खूण असते, स्प्लिट प्रिझम; तिच्या दोन रेघा जुळल्या की नाही हे त्यांना दिसतच नव्हतं, ते अंदाजानं ठरवत होते.

यावर इलाज तेव्हाही होता. आयपीसवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरला डोळा लावतो त्या काचेवर, फिरवून बसवायचं छोटं गोल भिंग मिळायचं. निकॉनच्या अशा भिंगांवर जो आकडा असतो तो नुसत्या भिंगाचा नसतो, व्ह्यूफाइंडरचा वजा एक त्यात धरलेला असतो. मामांसारख्या डोळ्याला '०' लिहिलेलं भिंग लागलं असतं. शून्य नंबर म्हणजे साधी काच असं कुणालाही वाटेल, पण प्रत्यक्षात ते अधिक एकचं असतं. नखाएवढी ती काच त्यांना कुणी दाखवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ते भिंग कॅमेऱ्यातच असतं, आयपीसशेजारच्या छोट्या डायलच्या रूपात. डायलला हात न लावलेले कितीतरी लोक मला भेटतात. लावायची पद्धत अशी. कॅमेरा आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे धरा. समोरच्या दृश्याकडे बघूच नका, फोकसचे चौकोन आणि खालचे आकडे बघा. डायल आधी अधिकच्या टोकाला न्या, सगळं धूसर होऊ द्या, मग हळूहळू मागे आणा आणि आकडे प्रथम एकदम स्पष्ट दिसले तिथेच थांबा. उलट दिशेनं आलात तर डोळा स्वतःच जोर लावतो आणि फसवतो. सकाळी लावलेली डायल संध्याकाळी, डोळे दमल्यावर, एकदा तपासा. बॅगेत घासून ती हलते हेही लक्षात ठेवा.

ऑटोफोकसला या डायलशी देणंघेणं नाही. व्ह्यूफाइंडर धूसर असूनही फोटो स्पष्ट येऊ शकतो. पण नवरीचे डोळे मिटलेत का, कडेला कुणाची कोपर आलीय का, हे तुम्हाला दिसायला हवं ना?

सिलिंड्रिकल नंबर असेल तर डायल पुरत नाही, कारण ती फक्त गोल (स्फेरिकल) नंबर भरून काढते. अशांनी चष्मा लावूनच बघावं. आणि चष्मा लावला की दुसरा प्रश्न येतो, अंतराचा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर असते. संपूर्ण चौकट दिसण्यासाठी डोळा आयपीसपासून जास्तीत जास्त किती दूर चालेल, त्याला आयपॉइंट म्हणतात. निकॉन डी८५० चा १७ मिलिमीटर, डी७५० चा २१, कॅननच्या आर५ चा २३. चष्म्याची जाड काच आणि आयपीसभोवतीचा रबरी आयकप धरला तर १७ मध्ये कोपरे कापले जातात. दुकानात आपण मेगापिक्सेल विचारतो, हा आकडा विचारत नाही. निकॉननं १९८२ मध्ये आपल्या एफ३ कॅमेऱ्याचा एचपी हा प्रकार खास चष्मेवाल्यांसाठी आणला. आयपॉइंट २५ मिलिमीटर, त्याबदल्यात चित्र साध्या एफ३ च्या ०.८ पटीऐवजी ०.७५ पट. मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटतो. चित्र किंचित लहान चालेल, पण चारही कडा एका नजरेत दिसल्या पाहिजेत.

प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर, असेल तर डायल काचेच्या वरच्या भागातून बघत लावा आणि नंतरही तिथूनच बघा. भिगवणला होडीत बसून उडते रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपताना मान वर जाते, नजर खालच्या, वाचायच्या भागातून जाते आणि डायल बिघडली असं वाटतं. मी एक अख्खी सकाळ यात घालवलीय.

मोतीबिंदूनंतर डोळ्यात साधी, एकाच अंतराची लेन्स बसवली असेल तर डोळ्याचा स्वतःचा फोकस उरत नाही. अशांना डायल अगदी अचूक लागते, पण एकदा बसली की सहसा टिकते. उलट दर पंधरा दिवसांनी डायल बदलावी लागत असेल तर रक्तातली साखर तपासा. साखर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो. कॅमेऱ्याच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा, एवढं माझं ऐका.

टेबलावर तीन कॅमेरे ठेवलेत. तिन्हींची डायल मी मुद्दाम बिघडवून ठेवली आहे. चष्म्यासकट या आणि आपापल्या डोळ्याला लावून बघा.