लाटेचा जोर मोजणारा इंजिनिअर

श्रोतेहो, नमस्कार.

वेधशाळेच्या आवारात पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. चार पायांवर उभी, भिंती तिरक्या पट्ट्यांच्या: वारा खेळतो, ऊन शिरत नाही. आत जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर तापमापक. ही स्टीव्हनसन पेटी. ती आखली थॉमस स्टीव्हनसन यांनी, पण त्यांचा खरा धंदा दीपगृहांचा.

एडिंबरोचं हे घराणं. वडील रॉबर्ट यांचं बेल रॉकचं दीपगृह १८११ साली उजळलं. थॉमस यांचे थोरले भाऊ ॲलन यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेला, टायरी बेटापलीकडच्या खडकावर स्केरीव्होर दीपगृह उभारलं. पहिल्याच वर्षी, १८३८ मध्ये, कामगारांसाठी बांधलेली लाकडी बराक वादळाने उडवली. पुढे पेढी डेव्हिड आणि थॉमस या भावांनी सांभाळली.

समुद्रात बांधायचं, तर लाट किती जोराने आदळते हे आधी कळायला हवं. थॉमस यांनी त्यासाठी उपकरण केलं. खडकाला बोल्टने आवळलेलं बिडाचं नळकांडं, समुद्राकडे तोंड केलेली लोखंडी तबकडी, आत स्प्रिंग, मागे दांड्या. दांड्यांवर चामड्याच्या कड्या. लाट आपटली की तबकडी दबते, कडी दांडीवर घसरते आणि स्प्रिंग परतली तरी घसरली तिथेच राहते. ओहोटीला जाऊन कडी पाहायची. म्हणजे दोन नोंदींमधला सर्वांत मोठा तडाखा तेवढा कळतो. मार्च १८४५ मध्ये स्केरीव्होरला आकडा आला दर चौरस फुटाला ६०८३ पौंड, चौरस मीटरला जवळजवळ ३० टन! अर्थात हा छोट्या तबकडीवरचा दाब. अख्ख्या भिंतीवर तो एकाच क्षणी पडतो, असं धरायचं नाही.

तरीही स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाजवळ, विक बंदरात याच भावांनी लाटा अडवायला घातलेला बांध हातचा गेला. टोकाला ८०० टनांचा अखंड काँक्रीटचा ठोकळा ओतला होता आणि साडेतीन इंची लोखंडी सळ्यांनी खालच्या दगडांना जखडला होता. डिसेंबर १८७२ च्या वादळात सळ्या टिकल्या, आणि नेमकं तेच अंगाशी आलं. बांधलेले दगडही ठोकळ्याबरोबर निघाले. १३५० टनांचा गठ्ठा एकसंध फिरून बांधाच्या आतल्या बाजूला पडला. वरचा सांधा पक्का, म्हणून कमजोरी एक थर खाली सरकली होती. मग त्याहून मोठा, २६०० टनांचा ठोकळा बसवला. १८७७ मध्ये समुद्राने तोही नेला.