जुन्या पावसाची ऊब

(दृश्य: पहाटेचं जंगल. गवतावर गोठलेलं दंव. ओढ्याचा आवाज.)

उजाडलंय, पण डोंगराच्या या कुशीत ऊन उतरायला अजून बराच अवकाश आहे. पायाखाली सुयांसारख्या पानांचा जाड थर आहे. त्यावरचं दंव इतकं गोठलंय, की पाऊल टाकलं की कर्र वाजतं. गाडीरस्ता कालच मागे पडला. आता सोबतीला फक्त ओढा.

गरम पाण्याचा झरा जवळ आला, हे डोळ्यांच्या आधी पायांना कळतं. कर्रकर्र थांबते. जमीन मऊ लागते. वाकून पाहिलं तर आजूबाजूचं सगळं पांढरं आणि मधोमध एक हिरवा पट्टा, ओला, वाफाळणारा. इथे दंव धरतच नाही. नेच्यांची कोवळी पानं थंडीतही गुंडाळी सोडून उलगडलेली आहेत.

मग वास येतो. नासलेल्या अंड्यासारखा, पण अगदी पुसट. हा हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. मात्र त्याचं प्रमाण फार वाढलं, की नाकच बधिर होतं. म्हणून एखाद्या खोलगट, वारा न लागणाऱ्या जागी उग्र वास येता येता अचानक नाहीसा झाला, तर वायू गेला असं समजू नये. तिथून ताबडतोब निघावं.

(दृश्य: झऱ्याचं तोंड, अगदी जवळून.)

हे त्याचं तोंड. खडकातली एक भेग, जेमतेम दोन बोटं रुंद. आत वाळूचे कण उसळतायत, खाली बसतायत, पुन्हा उसळतायत. पाणी उकळतंय असं वाटतं, पण उकळत नाही. खालून वायूचे बुडबुडे वर येतात आणि वाळूला नाचवतात. तापमापी आत सोडली. पारा चढला आणि ४१ अंशांवर थांबला. पलीकडे चार पावलांवर वाहणाऱ्या ओढ्यात तो ७ वर होता.

या ४१ आकड्यात एक प्रवास दडलेला आहे. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढत जातं. ज्वालामुखी नसलेल्या बहुतेक भागांत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. म्हणजे हे पाणी निदान एक किलोमीटर खाली जाऊन आलंय. वर येताना वाटेतल्या खडकांना ते ऊब देत आलं असणार, तेव्हा प्रत्यक्षात ते त्याहून खोल गेलं असेल. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस भेगाभेगांतून झिरपत खाली उतरतो, तापतो, हलका होतो. मागून उतरणाऱ्या गार पाण्याचं वजन त्याला ढकलत असतं. मग खडकांच्या भ्रंशातली, म्हणजे खडक तुटून सरकले त्या भेगेतली, एखादी उभी वाट सापडली, की ते वर धाव घेतं. खाली उतरणं सावकाश, वर येणं त्यामानाने झपाट्याने. म्हणूनच ते पुरतं गार होण्याआधी आपल्यापर्यंत पोचतं.

किती सावकाश? अमेरिकेत आर्कान्सा राज्याच्या वॉशिता डोंगररांगेत असेच झरे आहेत. त्यांना तापवायला तिथे ज्वालामुखी नाही. त्या पाण्याचं वय कार्बनच्या मोजणीवरून काढलं, तेव्हा ते सुमारे ४,४०० वर्षं निघालं. आज तिथे जे पाणी ६२ अंशांच्या आसपास बाहेर पडतं, तो पाऊस पिरॅमिड नुकतेच बांधून झाले होते त्या काळातला. हे मी पहिल्यांदा वाचलं, त्यानंतर कुठल्याही झऱ्यात हात घालताना मी क्षणभर थांबतो.

(दृश्य: पाण्यावरची हिरवी-केशरी साय.)

काठच्या दगडांवर ही साय दिसते ना, ती घाण नाही. हे सायनोबॅक्टेरिया आहेत, सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव. साधारण ७३ अंशांपर्यंत ते तग धरतात. त्याहून गरम पाण्यात प्रकाशावर जगणारं कोणी उरत नाही, पण जीव मात्र उरतातच. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ टॉमस ब्रॉक यांना अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यात सापडलेल्या, १९६९ साली नोंदवलेल्या 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' या जीवाणूपासूनच पुढे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीत वापरलं जाणारं विकर (एन्झाइम) मिळालं.

पण मला सांगायची आहे ती एका गोगलगायीची गोष्ट.

कॅनडातल्या बँफच्या डोंगरात, जंगलाने वेढलेले गरम झरे आहेत. स्थानिक आदिवासींना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८८३ साली ते रेल्वेच्या कामगारांच्या नजरेस पडले आणि १८८५ मध्ये त्यांच्याभोवतीची जमीन राखीव झाली. कॅनडाच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची सुरुवात ती. त्या पाण्यात एक गोगलगाय राहते. मोठ्यात मोठी, मक्याच्या दाण्याएवढी. शंखाचा पीळ डावीकडे. पाण्याच्या पृष्ठभागालगत, अशाच सायीवर चरत ती जगते आणि त्या मोजक्या झऱ्यांखेरीज जगात कुठेही सापडत नाही. तिच्या झऱ्यांत उतरायला आता बंदी आहे. पाण्यात नुसता हात घातला, तरी अंगाचं तेल, डास पळवणारं मलम, सुगंधी फवारा असं काहीबाही त्या पाण्यात उतरतं. लोक तिथे रागाने काही फेकत नाहीत, प्रेमानेच हात बुडवतात. तेवढंही तिला भारी पडतं.

म्हणून आम्ही काल रात्रीच, पाण्यापासून दूर, साबण न लावता अंग धुऊन घेतलं. मलम, तेल काही लावलेलं नाही. आणि या जागेचं नाव आम्ही या चित्रफितीत कुठेच घेणार नाही. डोहात चार माणसं कशीबशी मावतात. काठ मऊ आहे. चाळीस जण आले तर आठवड्यात त्याचा चिखल होईल.

(दृश्य: डोह. वाफेतून दिसणारी झाडं.)

तोंडापासून थोडं खाली, दगडांच्या खोबणीत पाणी साठलंय. इथे ३९ अंश. आधी तापमापी, मग पाय, हा क्रम कुठेही मोडू नये. स्वच्छ, निळसर पाणी फसवतं. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी गंभीर भाजून काढतं आणि वरून पाहून ते कळत नाही.

उतरलो. पहिला श्वास आपोआप लांब सुटतो. खांद्यांवर गारठा, खाली ऊब आणि पाण्याची रेघ जिथे अंगाला लागते तिथे दोन्ही एकदम जाणवतात. डोकं मात्र वरच. गोड्या कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. ते पाणी नाकात गेलं, तर तो मेंदूपर्यंत पोचतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुधा जिवावर बेततं. बुडी मारायची नाही, एकमेकांवर पाणी उडवायचं नाही.

पंधरा मिनिटं पुरे. उबेने रक्तवाहिन्या सैलावतात. झटकन उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि इथून जवळचा रस्ता दिवसभराच्या चालीवर आहे. आधी काठावर बसायचं, मग उठायचं.

एक दगड मला हलवावासा वाटला होता. तो सरकवला असता तर डोह वीतभर खोल झाला असता. नाही हलवला. यलोस्टोनमधल्या 'मॉर्निंग ग्लोरी' कुंडात लोक वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकत राहिले. त्याने उष्ण पाण्याची वाट अंशतः बुजली, कुंड निवलं आणि निळ्या पाण्याच्या कडेने पिवळा-केशरी रंग आत सरकत गेला. या झऱ्याचा गळा तर दोन बोटांचा आहे.

(दृश्य: झऱ्याचं पाणी ओढ्याला मिळतं ती जागा.)

निघताना संगमापाशी थांबलो. डावा हात झऱ्याच्या धारेत, उजवा ओढ्यात. तिथून खाली जात जात तापमापी बुडवत गेलो. ३१. १६. ९. पन्नासाव्या पावलावर पुन्हा ७, आणि पायाखाली दंव वाजायला लागलं.